नाव तेच, किल्ली वेगळी

दिवाळीची सुट्टी संपून कॉलेज उघडलं त्या सोमवारी पहिलंच प्रॅक्टिकल बीएस्सी दुसऱ्या वर्षाचं होतं. पायथनमधून एका साइटवरची माहिती उतरवून घ्यायची आणि तक्त्यात मांडायची, एवढंच काम. साडेदहाला मुलं बसली. पावणेअकरापर्यंत लॅबभर एकच लाल मजकूर पसरला होता. पायथनची पॅकेजेस उतरवणारी 'पिप इन्स्टॉल' ही कमांड दिली की दहाबारा ओळी धावायच्या आणि शेवटी यायचं: सर्टिफिकेट व्हेरिफाय फेल्ड, सेल्फ-साइन्ड सर्टिफिकेट इन सर्टिफिकेट चेन.

मी सातारा जिल्ह्यातल्या एका महाविद्यालयात संगणक प्रयोगशाळा सांभाळते. ४६ मशिन्स आहेत, सगळ्यांवर उबुंटू २२.०४. त्यातली बरीचशी मी स्वतः उघडून साफ केलेली, रॅम बदललेली, त्यामुळे कुठल्या मशीनला काय दुखतं ते मला चेहऱ्यावरून कळतं. पण सगळी एकाच वेळी एकाच तक्रारीने आडवी झाली, तर दुखणं मशीनमध्ये नसतं. ते बाहेर कुठेतरी असतं.

"मॅडम, नेट गेलंय," मागून कोणीतरी म्हणालं. नेट गेलं नव्हतं. मी माझ्या टेबलावरच्या मशीनवर 'ॲप्ट अपडेट' चालवून बघितलं, सुरळीत झालं. याने माझी अर्धा तास दिशाभूल झाली, म्हणून कारण सांगून ठेवते. उबुंटूची पॅकेजेस साध्या एचटीटीपीवरून येतात. त्यांचा खरेखोटेपणा तपासायला पॅकेजच्या यादीवरची डिजिटल सही असते, त्यामुळे तिथे या सर्टिफिकेटांचा संबंधच येत नाही. 'ॲप्ट' चालतंय म्हणजे वायर जोडलेली आहे, एवढंच सिद्ध होतं. फायरफॉक्स उघडला तर तिथेही इशाऱ्याचं पान. आणि गूगलसारख्या साइटवर तर 'धोका पत्करून पुढे जा' हे बटणच नव्हतं, कारण अशा साइट्स ब्राउझरला आधीच बजावून ठेवतात की माझ्या बाबतीत कुणालाही सूट द्यायची नाही.

तेवढ्यात मागच्या बाकावरचा एक मुलगा म्हणाला, "मॅडम, माझं चाललं."

मी जाऊन बघितलं. त्याने 'पिप'ला 'ट्रस्टेड-होस्ट' लावलं होतं आणि स्वतःच्या प्रोग्राममध्ये 'व्हेरिफाय इक्वल टू फॉल्स', म्हणजे सर्टिफिकेट तपासूच नको, असं लिहिलं होतं. शेजारच्या मुलीने ते बघून उतरवलं, तिच्या शेजारच्याने तिचं. तास संपेपर्यंत दोन रांगा 'चालू' झाल्या होत्या.

तो मुलगा हुशार आहे, आणि त्याने लावलेला उपाय इंटरनेटवर शोधलं तर सगळ्यात आधी सापडतो. पण ती ओळ बघून माझ्या पोटात खड्डा पडला. सर्टिफिकेटची दोन कामं असतात: बोलणं बंद पाकिटातून जावं, आणि पाकीट घेणारा माणूस खरोखर तोच आहे का ते कळावं. तपासणी बंद केली तरी पाकीट बंदच राहतं, फक्त ते कोणाच्या हातात देतोय ते बघायचं आपण सोडून देतो. 'पिप'ने आणलेल्या पॅकेजमधला कोड बसवतानाच चालू शकतो. म्हणजे समोर कोण आहे ते न बघता त्याने दिलेलं औषध घशाखाली घालायचं. हीच मुलं दोन वर्षांनी कुठल्यातरी कंपनीत, कुठल्यातरी पतसंस्थेच्या सॉफ्टवेअरवर काम करणार आहेत. तिथेही तीच ओळ त्यांच्या हाताला येईल. दुपारी मी प्रॅक्टिकलची फोल्डरं 'ग्रेप'ने चाळली, तर अकरा फायलींमध्ये ती ओळ होती. त्या दिवशी ठरवलं की आधी मूळ दुखणं शोधायचं आणि मग या अकराही ओळी काढायला लावायच्या.

अशा वेळी पहिलं हत्यार कुठलं म्हणाल, तर 'ओपनएसएसएल एस-क्लायंट'. समोरच्याने नेमकं कुठलं सर्टिफिकेट दाखवलं ते हे तोंडावर सांगतं. 'कनेक्ट'मध्ये साइटचं नाव आणि ४४३ पोर्ट द्यायचा, 'सर्व्हरनेम'मध्ये तेच नाव पुन्हा द्यायचं, आणि 'शोसर्ट्स' जोडायचं म्हणजे पूर्ण साखळी दिसते. 'पिप' जिथून पॅकेजेस आणतं त्या पायपीआयचा पत्ता मी दिला. सब्जेक्टमध्ये, म्हणजे सर्टिफिकेट कोणाचं त्या जागी, पायपीआयचंच नाव होतं, पण इश्यूअर, म्हणजे सही करणारा, मात्र कुठली जगप्रसिद्ध संस्था नव्हती. तिथे आमच्याच कॉलेजचं नाव होतं, पुढे 'फायरवॉल सीए'; सीए म्हणजे सर्टिफिकेटांवर सही करणारा. शेवटची ओळ: व्हेरिफाय रिटर्न कोड १९.

हे आकडे ओळखीचे असले की वेळ वाचतो. १० म्हणजे मुदत संपलेली. ९ म्हणजे मुदत अजून सुरूच व्हायची आहे. २० म्हणजे सही करणारा आपल्या यादीत सापडत नाही. २१ आलं तर बहुतेक वेळा सर्व्हरने मधलं सर्टिफिकेट द्यायचं राहिलेलं असतं; असं झालं की ब्राउझर कधी कधी ते मधलं स्वतः शोधून वेळ निभावतो आणि कमांडवरून साइट उघडणारं 'कर्ल' मात्र अडतं, मग माणूस 'ब्राउझरमध्ये तर चालतंय' म्हणत गोल गोल फिरत राहतो. १९ म्हणजे साखळीच्या टोकाला असं मूळ सर्टिफिकेट आहे, ज्याने स्वतःच स्वतःवर सही केली आहे आणि ज्याला हे मशीन ओळखत नाही.

म्हणजे मशीन खरंच बोलत होतं. मुलांचं बोलणं थेट पायपीआयशी होतच नव्हतं, मध्ये आमची फायरवॉल बसली होती.

चौकशी केली तेव्हा कळलं की सुट्टीत जुनी फायरवॉल काढून नवी बसवली. जुनीवर एचटीटीपीएसची तपासणी फक्त ऑफिसच्या मशिन्सपुरती होती, लॅब वगळलेली होती. नवीवर नियम सरसकट सगळ्यांना लागला. अशी फायरवॉल काय करते, तर तुम्ही ज्या साइटला जाता तिच्या नावाचं सर्टिफिकेट जागच्या जागी तयार करते, त्यावर स्वतःची सही करते, आलेली पाकिटं उघडून बघते आणि पुन्हा बंद करून पुढे पाठवते. मशीनने हे मान्य करायचं तर फायरवॉलचं मूळ सर्टिफिकेट मशीनच्या विश्वासू यादीत बसवावं लागतं. ऑफिसच्या विंडोजवर व्हेंडरच्या माणसाने ते बसवून दिलं होतं. लॅबमध्ये लिनक्स आहे हे बहुधा कुणी त्याला सांगितलंच नव्हतं.

मी त्याला फोन केला. त्याने लगेच व्हॉट्सॲपवर फाईल पाठवली, शेवट 'डॉट सीईआर'. "मॅडम, हे टाका, झालं."

उबुंटूवर आपली सर्टिफिकेट्स ठेवायची जागा ठरलेली आहे: 'यूएसआर'मधल्या 'लोकल'मधल्या 'शेअर'मध्ये 'सीए-सर्टिफिकेट्स' नावाचं फोल्डर. तिथे फाईल ठेवून 'अपडेट-सीए-सर्टिफिकेट्स' ही कमांड सुडो लावून चालवायची. मी चालवली. उत्तर आलं: झिरो ॲडेड, झिरो रिमूव्ह्ड. कसलीही एरर नाही, तक्रार नाही. ही कमांड फक्त 'डॉट सीआरटी'ने संपणाऱ्या फायली बघते, बाकीच्या मुकाट्याने सोडून देते. नाव बदललं. आता 'वन ॲडेड' आलं, पण त्याच्यासोबत एक इशाराही होता, की या फाईलमध्ये नेमकं एक सर्टिफिकेट सापडत नाही म्हणून ती वगळतोय.

हा इशारा घाईत नजरेतून सुटतो, कारण 'वन ॲडेड' वाचलं की मन निवांत होतं. मी फाईल 'कॅट' करून बघितली, स्क्रीनभर चिन्हांचा चिखल. म्हणजे ती डीईआर प्रकारातली, बायनरी. लिनक्सच्या या फोल्डरला पीईएम लागतं, ज्याची सुरुवात पाच आडव्या रेघा आणि 'बिगिन सर्टिफिकेट' अशी असते आणि आत साध्या अक्षरांच्या ओळी असतात. फाईलच्या नावाचा शेवट बदलल्याने आतला ऐवज बदलत नाही. 'ओपनएसएसएल एक्स५०९'ला 'इनफॉर्म डीईआर' सांगून पीईएम करून घेतलं, ते ठेवलं, कमांड पुन्हा चालवली. आता इशारा गेला आणि सर्टिफिकेट स्वच्छ बसलं. मी एसएसएचचा, म्हणजे लांबून दुसऱ्या मशीनवर कमांड चालवण्याचा, छोटा लूप लिहून ते सगळ्या ४६ मशिन्सवर पाठवलं आणि 'कर्ल' चालवलं.

तीच एरर. कोड १९.

संध्याकाळचे सहा वाजले होते. शिपाई मामा चाव्या घेऊन दोनदा दारात येऊन गेले. मी फाईल पुन्हा उतरवली, पुन्हा बदलली, मशीन रीस्टार्ट केलं, परवानग्या बघितल्या. नावं तर अक्षर न् अक्षर जुळत होती. 'एस-क्लायंट'मध्ये इश्यूअर म्हणून जे नाव येत होतं, तेच नाव मी बसवलेल्या फाईलमध्ये सब्जेक्ट म्हणून होतं. कॉलेजचं नाव, गाव, 'फायरवॉल सीए', सगळं तेच. त्या नावाकडे मी इतका वेळ बघत बसले की ते वाचणंच बंद झालं.

मामांनी चहा आणून ठेवला आणि म्हणाले, "उद्या बघा आता." मी म्हटलं, "दहा मिनिटं, मामा."

सर्टिफिकेटमध्ये नावाखेरीज दोन खुणा असतात. मूळ सर्टिफिकेटमध्ये 'सब्जेक्ट की आयडेंटिफायर' असतो, म्हणजे माझी किल्ली ही. आणि त्याने सही करून दिलेल्या सर्टिफिकेटमध्ये 'अथॉरिटी की आयडेंटिफायर', म्हणजे माझ्यावर सही करणाऱ्याची किल्ली ही. 'एक्स५०९'ला 'टेक्स्ट' लावलं की दोन्ही दिसतात. मी दोन टर्मिनल शेजारी शेजारी उघडली. डावीकडे फायरवॉलने पायपीआयच्या नावाने दाखवलेलं सर्टिफिकेट. उजवीकडे मला व्हॉट्सॲपवर आलेली फाईल. डावीकडची खूण सातने सुरू होत होती आणि उजवीकडची सीने. पुढची एकही जोडी जुळत नव्हती.

नाव तेच, किल्ली वेगळी. एकाच गावात एकाच नावाचे दोन पाटील असावेत आणि एकाच्या घरची चावी दुसऱ्याच्या कुलपाला लावत बसावं, तसं माझं सकाळपासून चाललं होतं. मग उजवीकडच्या फाईलची तारीख बघितली, ती तीन वर्षांपूर्वीची निघाली. हे जुन्या फायरवॉलचं सर्टिफिकेट होतं. नवी बसवताना तपशील तेच भरले, म्हणून नाव तेच आलं. पण मूळ किल्ली नव्या डब्यात नव्याने तयार झाली. व्हेंडरच्या माणसाने तीन वर्षांपूर्वी ऑफिसला पाठवलेली फाईलच शोधून मला पाठवली होती.

इथे एक सोपा रस्ता होता, आणि तो मी का घेतला नाही ते सांगायला हवं. नवं मूळ सर्टिफिकेट माझ्या डोळ्यांसमोरच होतं. 'शोसर्ट्स'ने छापलेल्या साखळीत दुसऱ्या क्रमांकावर तेच होतं. तिथून कॉपी करून फाईल केली असती तर सातच्या आत घरी गेले असते. पण विचार करा. दारात आलेला माणूस म्हणतो, मी मीटर रीडिंगवाला. आपण म्हणतो, ओळखपत्र दाखवा. तो स्वतःच एक कार्ड छापून दाखवतो आणि आपण ते कपाटात जपून ठेवतो, की यापुढे हेच कार्ड खरं. त्या तारेवर फायरवॉलऐवजी दुसरं कोणी बसलं असतं, तर त्यानेही अगदी असंच सर्टिफिकेट दाखवलं असतं, कॉलेजच्या नावासकट. नाव कुणालाही टाइप करता येतं.

म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा फोन केला. त्याला म्हटलं, नव्या फायरवॉलमधून आत्ता काढलेली फाईल मेलवर पाठवा, आणि फायरवॉलच्या पानावर त्या सर्टिफिकेटचा एसएचए-२५६ फिंगरप्रिंट दिसतोय तो मला फोनवर वाचून दाखवा. फाईल कुठूनही येवो, तिचा ठसा मात्र वेगळ्या वाटेने आला पाहिजे.

"मॅडम, पूर्ण वाचू? चौसष्ट अक्षरं आहेत."

"पूर्ण वाचा."

पहिल्या ओळीतच घोटाळा झाला. फोनवर बी, सी, डी आणि ई सारखेच ऐकू येतात. मी बी लिहिलं, तो डी म्हणाला होता. मग आम्ही थांबलो आणि ठरवून घेतलं. ए म्हणजे अमरावती. बी म्हणजे बीड. सी, चिपळूण. डी, धुळे. ई, एरंडोल, हे त्याने सुचवलं, त्याचं आजोळ जळगावकडचं. आणि एफ, फलटण. इंग्रजीत पी-एच लिहितात, पण आमच्या भागात फलटण म्हटल्यावर दुसरं काही ऐकू येणं शक्य नाही. ठशात शून्य ते नऊ आणि ए ते एफ एवढीच चिन्हं असतात, त्यामुळे सहा गावांत भागलं.

"सात अमरावती. चार एक. फलटण नऊ. बीड बीड."

"पुढे."

"शून्य धुळे. एरंडोल तीन. आठ चिपळूण."

डाव्या हातात फोन आणि उजव्या हातातली पेन्सिल स्क्रीनवरच्या एकेका जोडीवर. बत्तीस जोड्या वाचायला चार मिनिटं लागली असतील. शेवटची जोडी जुळली तेव्हा तो म्हणाला, "मॅडम, एवढ्या वर्षांत हे मला कुणी वाचायला लावलं नव्हतं." आणि पुढच्याच वाक्यात म्हणाला, "ऑफिसच्या मशिन्सवर पण एकदा तपासून घेतो." त्याने खरंच तपासून घेतलं, हे मला नंतर ऑफिसमधून कळलं.

नवी फाईल बसवल्यावर 'कर्ल' पहिल्या झटक्यात चाललं आणि 'गिट'ही चाललं. पण सिस्टमच्या यादीत बसवलं म्हणजे सगळीकडे बसलं, असं लिनक्सवर होत नाही. प्रत्येक प्रोग्रामची आपापली वही असते.

फायरफॉक्सची वही स्वतंत्र आहे. २२.०४ वर तो स्नॅप म्हणून, म्हणजे स्वतःच्या बंद खोक्यात, येतो, त्यामुळे सिस्टमची इतर फोल्डरं त्याला जशीच्या तशी दिसतही नाहीत. त्याच्यासाठी 'ईटीसी'मधल्या 'फायरफॉक्स'मधल्या 'पॉलिसीज' या फोल्डरमध्ये सर्टिफिकेट ठेवलं आणि त्याच जागी 'पॉलिसीज डॉट जेसन' लिहून 'सर्टिफिकेट्स'खाली 'इन्स्टॉल'मध्ये पूर्ण पत्ता दिला. हे फोल्डर स्नॅपला वाचता येतं. 'अबाउट-पॉलिसीज' उघडून पॉलिसी लागली का ते बघायचं. एका मशीनवर लागली नव्हती, तिथे जेसनमध्ये एक स्वल्पविराम जास्त पडला होता. क्रोम किंवा क्रोमियमवाल्यांनी 'सर्टयूटिल' हे हत्यार शोधावं, ते 'लिबएनएसएस३-टूल्स' या पॅकेजमध्ये मिळतं.

पायथनचं दुखणं सगळ्यात चिवट. मुलं व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंटमध्ये, म्हणजे प्रत्येक कामासाठी वेगळ्या ठेवलेल्या पायथनमध्ये, काम करतात आणि तिथे 'रिक्वेस्ट्स' ही लायब्ररी 'सर्टिफाय' नावाच्या पॅकेजमधली यादी वाचते, सिस्टमची नाही. म्हणून त्याच मशीनवर 'कर्ल' चालतं आणि त्यांचा प्रोग्राम पडतो. 'ईटीसी-एन्व्हायर्नमेंट' फाईलमध्ये 'रिक्वेस्ट्स-सीए-बंडल' हा व्हेरिएबल लिहून त्याला सिस्टमच्या एकत्रित यादीकडे वळवलं. ही यादी 'ईटीसी'तल्या 'एसएसएल'मधल्या 'सर्ट्स'मध्ये 'सीए-सर्टिफिकेट्स डॉट सीआरटी' म्हणून असते. एकदा लॉगआउट करून लॉगिन केल्याशिवाय हे लागू होत नाही, हे मला दर तासाला एकदा ओरडून सांगावं लागलं. तिसऱ्या वर्षाची मुलं जावास्क्रिप्ट चालवणारं नोड वापरतात, त्यांच्यासाठी 'नोड-एक्स्ट्रा-सीए-सर्ट्स'.

जावाचं अर्धं काम आपोआप झालं. उबुंटूच्या पॅकेजमधून आलेल्या ओपनजेडीकेची यादी 'अपडेट-सीए-सर्टिफिकेट्स' स्वतःच भरते. पण एका सरांनी वेगळी डाउनलोड केलेली जेडीके स्वतःच्या होम फोल्डरमध्ये ठेवली होती. तिची 'सीएसर्ट्स' फाईल वेगळी, आणि तिथे एररची भाषाही वेगळी: पीकेआयएक्स पाथ बिल्डिंग फेल्ड. तिथे 'कीटूल'ने सर्टिफिकेट आत घालायचं. पासवर्ड विचारतो तो मूळचा 'चेंजइट' असतो.

गुरुवारपर्यंत ४५ मशिन्स मार्गी लागली. राहिलं सतरा नंबर.

सतरा नंबरवर सगळं जागच्या जागी होतं, फाईल तीच, ठसा तोच, आणि तरी 'कर्ल' अडत होतं. पण आकडा बघितला तर १९ नव्हता, ९ होता: सर्टिफिकेटची मुदत अजून सुरू झालेली नाही. मी 'डेट' टाइप केलं. मशीन ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात होतं. हे मशीन सुट्टीच्या आधीपासून बंद होतं आणि मदरबोर्डवरचा सीआर२०३२ सेल संपला होता. सेल संपला की घड्याळ मागे जातं. उबुंटूची 'टाइमसिंक-डी' सेवा अशा वेळी निदान शेवटची जतन केलेली वेळ तरी लावते आणि मग नेटवरून खरी वेळ विचारते. इतर वेळी हे आपल्याला कळतही नाही. पण नव्या फायरवॉलने यूडीपी १२३, म्हणजे घड्याळ मिळवण्याचा रस्ताच बंद केला होता. त्यामुळे सतरा नंबर सुट्टीपूर्वीच्या त्या दिवसापाशी थांबलं होतं, आणि फायरवॉलचं सर्टिफिकेट दिवाळीनंतरचं. त्याच्या दृष्टीने ते सर्टिफिकेट अजून जन्मालाच आलं नव्हतं.

स्टँडवरच्या घड्याळवाल्याकडून सेल आणला, बसवला, आणि व्हेंडरला सांगून १२३ उघडून घेतला. बाकीच्या पंचेचाळिसांचे सेल ठीक होते म्हणून निभावलं. एकेक करून तीही मागे पडलीच असती.

त्याच आठवड्यात मी प्राचार्यांना भेटले. मशिन्स चालू झाली हे सांगायचं होतंच, पण खरं काम वेगळं होतं. आम्ही ४६ मशिन्सना सांगितलंय की या फायरवॉलने कुठल्याही साइटच्या नावाने दाखवलेलं सर्टिफिकेट खरं माना. मुलं याच लॅबमध्ये बसून महाडीबीटीवर शिष्यवृत्तीचे अर्ज भरतात, त्यात आधार आणि बँक खातं असतं. मूळ सर्टिफिकेट बसवणं ही किती मोठी सही आहे, हे सांगताना मी त्यांना २०१४ ची गोष्ट सांगितली. जुलै २०१४ मध्ये गूगलच्या लक्षात आलं की त्यांच्या डोमेनच्या नावाने भलतीच सर्टिफिकेट्स निघाली आहेत, आणि ती निघाली होती आपल्या एनआयसीच्या, म्हणजे सरकारच्या नॅशनल इन्फॉर्मेटिक्स सेंटरच्या, सर्टिफिकेट यंत्रणेतून, जिच्यावर भारताच्या सीसीएचं, म्हणजे सर्टिफिकेट देणाऱ्यांवरच्या सरकारी नियंत्रकाचं, मूळ सर्टिफिकेट होतं. सीसीएने ती मधली सर्टिफिकेट्स रद्द केली. ज्यांच्या यादीत सीसीएचं मूळ होतं त्यांना धोका होता, म्हणजे विंडोजवाल्यांना. फायरफॉक्स बनवणाऱ्या मोझिलाच्या यादीत ते नव्हतंच, म्हणून फायरफॉक्स सुरक्षित राहिला. डेबियन आणि उबुंटूचं 'सीए-सर्टिफिकेट्स' पॅकेजही मोझिलाच्याच यादीवरून तयार होतं. यादीत कोण आहे, एवढ्यावर सगळं अवलंबून होतं.

सरांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग तुमचं म्हणणं काय?" मी दोन गोष्टी मागितल्या. बँका आणि सरकारी पोर्टल्स तपासणीतून वगळायची. आणि लॅबच्या दारावर लिहून लावायचं की इथली इंटरनेट वाहतूक कॉलेजची फायरवॉल उघडून तपासते. दोन्ही मान्य झाल्या. आता दारावर तो कागद आहे आणि त्याच्या खाली सर्टिफिकेटचा पूर्ण ठसा छापलाय, चार ओळींत सोळा-सोळा अक्षरं. वगळलेल्या साइट्स खरंच वगळल्या आहेत का ते मी 'एस-क्लायंट'ने स्वतः बघितलं, इश्यूअर बदललेला दिसला.

पुढच्या सोमवारी दुसऱ्या वर्षाचं प्रॅक्टिकल मी त्या अकरा फायलींपासून सुरू केलं. ज्याने ती ओळ पहिल्यांदा शोधली होती, त्यालाच पुढे बोलावलं. त्याने 'व्हेरिफाय' काढलं, प्रोग्राम चालवला, चालला. मग मी त्याला दारावरचा कागद दाखवून म्हटलं, आता मशीनवरचं सर्टिफिकेट आणि हा ठसा जुळतो का ते वर्गाला वाचून दाखव. त्याने कमांड दिली आणि वाचायला लागला, सात ए, चार एक. दुसऱ्या ओळीपाशी एका मुलीने अडवलं, "बी का डी?" मग मी त्यांना बीड आणि धुळ्याचं सांगितलं.

एक काम तेवढं राहिलं होतं. तीन वर्षांपूर्वीचं, चुकून आलेलं ते जुनं सर्टिफिकेट मी पहिल्या सोमवारीच सगळ्या ४६ मशिन्सवर बसवून ठेवलं होतं. नवं चालू झालं म्हणून जुनं आपोआप जात नाही, दोन्ही यादीत शेजारी शेजारी बसतात आणि मशीन दोघांवरही तितकाच विश्वास ठेवतं. जुना डबा व्हेंडर परत घेऊन गेलाय. त्याच्या आत ती किल्ली अजून असेल. तो डबा आता कुणाच्या गोडाऊनमध्ये आहे, पुढे कुणाला विकला जाईल, यावर माझा ताबा नाही. ताबा आहे तो आमच्या यादीवर. शनिवारी दुपारी लॅब रिकामी झाल्यावर मी लूप चालवला: जुनी फाईल पुसायची, 'फ्रेश' लावून यादी नव्याने बांधायची. स्क्रीनवर एकामागून एक ओळी आल्या, जुनं सर्टिफिकेट कुठे उरलं नाही ना ते बोट ठेवून बघत गेले. सतरा नंबर बंद होतं म्हणून राहिलं. त्याच्यापाशी जाऊन ते चालू केलं, तारीख बघितली, बरोबर होती. मग तिथेच उभं राहून त्याची यादी हाताने साफ केली.